परवडणारा वस्तरा आणि त्याची धार

वस्तऱ्याची किंमत आणि त्याने होणारी दाढी यांचे नाते समजले जाते तितके जवळचे नाही. मूठ शिंगाची आहे की प्लास्टिकची, पात्यावर सोनेरी अक्षरे कोरली आहेत की नाहीत, पेटी मखमलीची आहे की पुठ्ठ्याची, यांवर दाम ठरतो. दाढी मात्र पोलादाला पाणी कसे दिले आहे, पाठ आणि धार एका पातळीत आहेत की नाहीत आणि धारेवरून शेवटी कोणता दगड फिरला, यांवर अवलंबून असते. म्हणून नांदेड किंवा लातूरसारख्या गावात थोड्या पैशांत चांगला वस्तरा मिळवू पाहणाऱ्याने दुकान शोधण्याआधी पाते वाचायला शिकणे अधिक फायद्याचे ठरते.

मराठवाड्यातील सलूनांत आज जे हत्यार वस्तरा म्हणून हाती घेतले जाते, ते बहुतेक ठिकाणी अर्ध्या ब्लेडचे असते. दोन्ही बाजूंनी धार असलेले पत्ती-ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा तुकडा धातूच्या पकडीत बसवायचा आणि गिऱ्हाईक उठले की तो फेकून द्यायचा, ही पद्धत नव्वदच्या दशकात एचआयव्हीविषयीच्या जनजागृतीबरोबर झपाट्याने रुळली आणि अनेकांची दाढी एकाच हत्याराने होते तेथे तीच योग्य आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र हे ब्लेड जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीचे असल्याने त्याला स्वतःचे वजन नसते. हाताची किंचित चूकही ते त्वचेवर उमटवते. अखंड पोलादाच्या वस्तऱ्याचे पाते स्वतःच्या वजनाने गालावर टेकते, त्याची पोकळ घासलेली बाजू किंचित लवते आणि धार केसाच्या बुडाशी शांतपणे बसते. असा वस्तरा एकाच माणसाने वापरावा, घरातसुद्धा दुसऱ्याला देऊ नये, हा नियम पाळला की आरोग्याचा प्रश्न उरत नाही.

सलूनांतील या बदलामुळे अखंड वस्तरे बाजूला पडले, म्हणूनच स्वस्त आणि चांगल्या वस्तऱ्याचा पहिला ठिकाणा जुनी धोकटी हा ठरतो. धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारे ठेवण्याची पिशवी. तीत वस्तरा, कात्री, नखे काढण्याची नराणी, पाण्याची वाटी, आरसा आणि तुरटीचा खडा असे. बलुतेदारीत न्हावी वर्षभर कुळांची हजामत करी आणि सुगीला खळ्यावरून धान्याच्या रूपाने बलुते घेई. त्या धान्यावर पोसलेल्या घरांतून वस्तरा बापाकडून मुलाकडे जात असे. इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील सोलिंगेन या दोन गावांची पाती त्या काळी जगभर जात आणि तशी पाती आजही एखाद्या पत्र्याच्या पेटीत कापडात गुंडाळून पडलेली सापडतात. सोलिंगेन हे नाव पात्यावर घालण्याचा अधिकार 1938 पासून जर्मनीत कायद्याने राखून ठेवलेला आहे, एवढी त्या गावाच्या कामाची पत आहे. लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या बाजारात किंवा नांदेडच्या वजिराबाद-इतवाऱ्यात असे हत्यार मांडलेले दिसेलच असे नाही. ते बहुधा ओळखीच्या कारागिराला विचारूनच हाती येते आणि त्याला योग्य मोबदला देणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे.

जुने पाते घेताना काय पाहावे, हे समजण्यासाठी वस्तऱ्याची घडण समजली पाहिजे. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तरा मात्र आपला कोन स्वतःबरोबर घेऊन येतो, कारण तो दगडावर आडवा ठेवला की पाठ म्हणजे वरची जाड कड आणि धार अशा दोन्ही एकाच वेळी टेकतात. पाते 16 मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल तर धारेचा कोन सुमारे 16 अंश येतो आणि दाढीसाठी तो अगदी योग्य असतो. वर्षानुवर्षे दगडावर फिरून पात्याची रुंदी उतरली असेल तर हा कोन बिघडतो; धार मध्येच आत गेली असेल, तर सपाट गालावर तिची फक्त दोन टोके टेकतात. म्हणून पाते काचेवर आडवे ठेवून पाठ आणि धार सर्वत्र टेकतात का, हे आधी पाहावे. मग पाते उजेडात तिरके धरून धारेजवळ गंजाचे बारीक खड्डे आहेत का, हे भिंगाने तपासावे. पाठीवरचा काळपट डाग चालतो, धारेवरचा खड्डा चालत नाही, कारण तो घासून काढावा तर त्याखाली दुसरा निघतो. घेतलेले हत्यार साबणाने स्वच्छ करून स्पिरिटने पुसल्याखेरीज चेहऱ्याला लावू नये.

नवे आणि स्वस्त असे जे वस्तरे मिळतात, त्यांपैकी नक्षीदार मुठीची अनेक पाती म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा अशा जातीची असतात. त्यांचे पोलाद मऊ असते आणि कितीही घासले तरी धार धरत नाही. त्यांच्यावर खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया जातो. याउलट चीनमधील गोल्ड डॉलर या नावाचा काही शे रुपयांचा वस्तरा पोलादाच्या बाबतीत प्रामाणिक असतो. त्याचे घासकाम मात्र ओबडधोबड असते आणि मुठीकडच्या टोकाला असलेला फुगवटा दगडावर आधी टेकून धारेला उचलून धरतो. तेवढा कोपरा घासून गोल केला आणि धार पुन्हा बसवली की तो सोलिंगेनच्या दहा-वीस हजारांच्या नव्या वस्तऱ्याच्या जवळपास जाणारी दाढी करतो. वाचलेले पैसे येथे हाताच्या श्रमाने फेडले जातात, आणि ते श्रम ज्याला प्रिय आहेत त्याने हा मार्ग आनंदाने घ्यावा.

पोलादाची ही पारख या भूप्रदेशाला परकी नाही. नांदेडच्या सीमेला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम हे गाव मुशीत वितळवून केलेल्या वूट्झ पोलादाचे मोठे केंद्र होते. तेथे इराणी व्यापारी येऊन पोलाद विकत घेत, हे डॉ. हेन्री वॉइसी यांच्या 1832 मध्ये छापल्या गेलेल्या वर्णनात नोंदलेले आहे. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी पाठवलेल्या अशाच पोलादाचा अभ्यास जॉर्ज पिअर्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे 1795 मध्ये मांडला. जेम्स स्टोडार्ट या हत्यारे घडवणाऱ्या कारागिराने त्याचे पाते करून पाहिले आणि पुढे त्यानेच मायकेल फॅरडे यांच्यासह वूट्झच्या जोडीचे पोलाद बनवण्याचे प्रयोग केले. ज्या पोलादासाठी लंडनचा कारागीर झुरला, ते शेजारच्याच जिल्ह्यात तयार होत होते, ही गोष्ट मराठवाड्यातल्या वस्तरा वापरणाऱ्याने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. नांदेडमध्ये शस्त्रांना धार लावण्याचा वारसा सांगणारे शिकलगार शीख आजही आहेत आणि सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरातील दुकानांत कृपाणी मांडलेल्या दिसतात. केश राखणाऱ्यांच्या गावात पोलादाची जाण अशी दुसऱ्या वाटेने टिकली आहे.

धार लावण्यासाठी वस्तरा सायकलच्या चाकाला जोडलेल्या फिरत्या दगडावर कधीही देऊ नये. त्या दगडाखाली पातळ धार क्षणात तापते, तिच्यावर पिवळा आणि मग निळा रंग चढतो, आणि तो रंग दिसला म्हणजे पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. मग ते पाते घरच्या घरी सुधारण्याचा उपाय राहत नाही. महागडे दगड परवडत नसतील तर काचेच्या दुकानातून जाड काचेचा हातभर लांब तुकडा कडा घासून आणावा आणि त्यावर पाण्याने लॅपिंग फिल्म चिकटवावी. लॅपिंग फिल्म म्हणजे अतिसूक्ष्म कण बसवलेला प्लास्टिकचा कागद. 12 मायक्रॉनच्या फिल्मवर धारेला आकार येतो, 3 मायक्रॉनच्या फिल्मवर ओरखडे मावळतात आणि 1 मायक्रॉनच्या फिल्मवर ती चेहऱ्याला लावण्याजोगी होते. मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग होय. हात हलका हवा, धार पुढे ठेवून पाते न्यावे आणि टोकाशी पोचल्यावर ते पाठीवरून उलटावे. त्यानंतर चामड्याच्या ताणलेल्या पट्ट्यावर मात्र दिशा बदलते, पाठ पुढे आणि धार मागे. येथे चूक झाली तर पट्टाही कापला जातो आणि धारही मरते.

चांगली धारही वाईट फेसावर हरते, आणि लातूरच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात साबणाला फेस येत नाही, कारण त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाचा साका करतात. उकळून गाळलेले किंवा साठवलेले पावसाचे पाणी घेतले की फरक लगेच दिसतो, आणि वस्तऱ्याच्या दाढीला पाणी लागते तरी किती, एक तांब्या पुरतो. एप्रिल 2016 च्या दुष्काळात मिरजेहून जलदूत रेल्वेने पाणी आलेल्या शहरात या हिशोबाला मोल आहे. पाते त्वचेशी तीसेक अंशांवर धरावे, म्हणजे पाठ आणि गाल यांत पाठीच्या जाडीएवढे किंवा किंचित जास्त अंतर राहते. आधी सुलटी, म्हणजे केसांच्या वाढीच्या दिशेने, दाढी करावी; उलटी हात बसल्यावरच करावी. पात्यावर पाण्याचा थेंबही राहू देऊ नये आणि पावसाळ्यात खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. पुढे केव्हा तरी गालावर पाते ओढल्यासारखे वाटू लागते, तेव्हा 12 मायक्रॉनपासून सुरुवात करण्याची गरज नसते. 1 मायक्रॉनच्या फिल्मवर दहा-बारा हात आणि पट्ट्यावर नेहमीचे हात एवढ्याने धार परत येते.