गळाची दोरी

आमचे गाव दिग्गी. जोयडा तालुक्याच्या अगदी टोकाला, गोव्याच्या हद्दीजवळ. कारवारच्या पुलावरून काळी नदीचे विशाल पात्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना खरे वाटणार नाही, पण ही नदी आमच्याकडच्या डोंगरांत जन्म घेते, आणि तिथे शाळकरी पोरही तिला एका उडीत ओलांडते. पुढे सुमारे 184 किलोमीटरच्या वाटचालीत तिला सुपा धरण भेटते, दांडेली भेटते आणि शेवटी समुद्र भेटतो. आमच्या घरची बोली कोकणी, शाळा मराठी आणि कचेरी कन्नड. त्यामुळे या अंकाच्या दोन्ही विभागांत मला घरच्यासारखेच वाटते.

संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी विचारात पडलो. मित्रांनी सहलीची वर्णने लिहिली, कुणी कविता दिल्या. माझ्याजवळ सांगण्यासारखी फक्त एक दोरी आहे. माझ्या आजोबांच्या गळाची.

आजोबांचा गळ म्हणजे काही साहेबी थाटाची वस्तू नव्हे. बांबूची एक काठी, रामनगरच्या बाजारातून आणलेली तंगुसाची दोरी आणि लोखंडी गळ, एवढाच संसार. पण त्या दोरीची निगा ते अशी राखीत की आजी म्हणे, "इतकी काळजी माझी केली असती तर!" शेताकडेच्या ओढ्यावरून परतले की आधी दोरी स्वच्छ पाण्यातून काढायची, ओल्या मऊ फडक्यातून हलक्या हाताने ओढायची, सावलीत सुकवायची आणि सैलसर गुंडाळून खुंटीला लावायची. उन्हात ठेवायची नाही, चुलीजवळ नाही, रॉकेलच्या डब्याशेजारी तर मुळीच नाही. त्यांच्या तरुणपणी दोरी सुताची असे. ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवीत, म्हणजे लवकर कुजत नसे. तंगूस आले आणि कुजण्याची भीती गेली. "पण तंगूस लबाड," आजोबा म्हणत. "सूत कुजले की रंगाने सांगते. हे मरेपर्यंत धडधाकट दिसते."

म्हणून ते डोळ्यांवर विसंबत नसत. अंगठ्याचे नख आणि तर्जनी यांच्यामध्ये दोरी धरून ती टोकापासून हातभर, दोन हात, चार हात अशी सरकवत न्यायची. कुठे खरखर लागली, बारीक खाच लागली, की तेवढा भाग कापून टाकायचा. जोडायचे तर गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, कारण कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच दोरी कमजोर होते. पुढचे टोक खडकाला घासून झिजले की दोरी उलटी करायची. आतले कोरे टोक पुढे, झिजलेले मागे. एवढे करूनही दोरी ताठर झाली, पांढुरकी दिसू लागली, वळ्या सोडीना, तर मोह न धरता नवी घ्यायची.

मी सातवीत असताना आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यातच बोटांची सालपटे निघून नखांनाही जखमा झाल्या होत्या. दोरी तपासण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले. त्या वर्षी भातकापणीच्या आधी आई तापाने अंथरुणाला खिळली होती. ताप उतरला, पण तोंडाला चव नव्हती. एके संध्याकाळी ती म्हणाली, "मरळीचे कालवण असते तर दोन घास गेले असते." आजोबांनी ते ऐकले. आमच्या ओढ्याच्या डोहात एक मोठी मरळ आहे हे त्यांना ठाऊक होते.

"दोरी बघितलीस?" त्यांनी विचारले.

"बघितली, आजो," मी म्हणालो.

मी बघितली नव्हती. मागच्या वेळी ओढ्यावरून येऊन मी ती कुंपणावर टाकली होती आणि ती कित्येक दिवस तिथेच ऊन खात पडली होती. आजोबांचा आवाज ऐकून मी घाईने ती गुंडाळली, एवढेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही डोहावर गेलो. गळाला लहान बेडूक लावला. बराच वेळ काही झाले नाही. मग काठी अशी वाकली की आजोबांचा पाय घसरला. मरळीचे काळे अंग एकदा पाण्यावर आले. आजोबांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी विसरणार नाही. पुढच्याच क्षणी काठी सरळ झाली. मासा गेला, आणि तोंडात गळ घेऊन गेला, हे मला आजही सलते.

आजोबांनी दोरी ओढून घेतली आणि तिचे टोक ओठांवरून फिरवले. बोटांना न कळणारे ओठांना कळते. हळूच म्हणाले, "गाठ सुटली असती तर टोक कुरळे लागले असते. ही मध्येच तुटली आहे." मग माझ्याकडे तोंड केले. त्या अधू डोळ्यांना मी कितपत दिसत होतो कुणास ठाऊक. ते पुढे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

घरी आईने लोणच्याशी पेज खाल्ली आणि "मला पेजच बरी लागते" असे म्हणाली. मी मान वर केली नाही.

रात्री आजोबांनी मला दिव्याजवळ बसवले. दोरी माझ्या हातात दिली. मी टोकापासून टोकापर्यंत नख फिरवले. चार ठिकाणी खाचा लागल्या. त्या कापल्या, उरलेले तुकडे जोडले, दोरी उलटी केली. शेवटची गाठ त्यांनी स्वतः घातली. मग पुन्हा विचारले, "दोरी बघितलीस?" या वेळी मी "बघितली" म्हटले तेव्हा माझा आवाज फुटत होता.

पुढे कॉलेजात आलो. रसायनशास्त्राच्या तासाला कळले की नायलॉन 1935 साली अमेरिकेत कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले, त्याचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात, आणि उन्हातले अतिनील किरण त्या साखळ्या तोडत जातात. कन्नडच्या सरांनी सांगितले की कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात गळाने मासे धरण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. परदेशात पिसांची माशी गळाला बांधून मासेमारी करणारे लोक पूर्वी रेशमी दोरी वापरीत आणि प्रत्येक खेपेनंतर ती सुकवून तिला चरबी लावीत, असेही मी वाचले. राजा असो, साहेब असो की दिग्गीचा शेतकरी, दोरी कुणाचीही भीड धरत नाही. वर्गात कुंपणावरच्या त्या दोरीची आठवण झाली आणि वहीत लिहिणे थांबले.

आजोबा आता नाहीत. आमच्या भोवतालचे बरेचसे रान काळी व्याघ्र प्रकल्पात आले आहे. वनखात्याच्या हद्दीत गळ टाकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी खुंटीवरची दोरी काढली आणि नख फिरवले. ती ताठरली होती, पांढुरकी झाली होती. मध्यावर आजोबांची गाठ मात्र तशीच घट्ट होती. ती ठेवून द्यावी असे फार वाटले. पण मोह धरायचा नाही, हा त्यांचाच नियम.

जुनी दोरी त्यांनी कधी ओढ्यात फेकली नाही. खंड्याच्या पायांत गुंतते म्हणत. मी ती आईजवळ दिली. तिने परसात वालाच्या वेलाला मांडव बांधला. आईचे पत्र येत नाही, फोन येतो. परवा तिने सांगितले, वेल गाठीपर्यंत चढला आहे.