शब्दाला चढलेला रंग

जर्मनीत फ्रँकफुर्टच्या उत्तरेस, टाउनुस डोंगराच्या पायथ्याशी बाड हॉम्बुर्ग नावाचे नगर आहे. ‘बाड’ म्हणजे स्नान. औषधी झऱ्यांमुळे ही उपाधी त्यास १९१२ साली लाभली. इंग्रजी शिकलेल्या मुलास मात्र ते ‘वाईट हॉम्बुर्ग’ वाटावयाचे!

या नगरीत १८०४ साली कवी ह्योल्डरलिन दरबारचा ग्रंथपाल होऊन आला. पद दरबारचे, पण वेतन मित्र सिंक्लेअर आपल्या पदरचे देत असे. त्याच वर्षी सोफोक्लीझच्या दोन ग्रीक नाटकांची ह्योल्डरलिनकृत भाषांतरे प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ‘अँटिगनी’च्या आरंभीच एक अवघड क्रियापद येते. त्याच्या मुळाशी जांभळा रंग देणारा समुद्रातील शंख आहे. ग्रीकांनी ते गडद होत जाणाऱ्या, व्याकूळ मनासाठी योजिले. दुसरा कोणी ‘तू चिंतेत दिसतेस’ असे लिहून मोकळा झाला असता. ह्योल्डरलिनने रंग सोडला नाही. त्याच्या नाटकातील बहीण बहिणीला विचारते, ते शब्दाला लाल रंग देण्याविषयी. हे भाषांतर वाचून दाखविले गेले तेव्हा शिलर मनमुराद हसला. गटेही तेथेच होता. कवीचे मन ढळू लागले होते हे खरे, परंतु लोकांनी भाषांतरालाच वेडाचा पुरावा मानिले. १८०६ साली त्याला हॉम्बुर्गहून ट्यूबिंगेनच्या रुग्णालयात नेण्यात आले.

मराठी माणसाला यात हसण्याजोगे काय वाटावे? आपल्याकडे गप्पा रंगतात, भजन रंगते, बेत फसला की रंगाचा बेरंग होतो. ज्यांचे पूर्वज कोकणातून करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले, त्यांच्या घरी आजी म्हणते, “काल भजन रंगलं.” नातवाने ते शेजारच्या मित्राला क्रेओलमध्ये कसे सांगावे? रंग धरावा तर मित्र विचारील, भजनाला रंग कोणी फासला? अर्थ धरावा तर ‘भजन छान झाले’ एवढेच हाती उरते, आणि झांजांच्या ठेक्यावर हळूहळू चढत गेलेली ती रात्र निसटून जाते. आजीला ‘छान झाले’ म्हणावयाचे नव्हतेच. तो शब्द तिच्यापाशीही होता. नातवाने हसे पत्करून रंगच सांगावा, मग खुलासा करावा, हे बरे.

ह्योल्डरलिनच्या त्या भाषांतरावरून १९४८ साली ब्रेख्तने आपले नाटक रचिले. आणि १९४९ साली कार्ल ओर्फने त्यालाच संगीत देऊन ते साल्झबुर्गच्या रंगभूमीवर आणिले.