न मोजलेल्या पकडी

पिट्सबर्ग म्हणजे अमेरिकेचं पोलादाचं शहर. गेले होते नद्या आणि पूल बघायला. भेटला जो ग्रीन. समोरच्याला अडवणं हेच ज्याचं करिअर होतं, असा माणूस!

पिट्सबर्गच्या विमानतळावर दोन पुतळे शेजारी शेजारी उभे आहेत. एक जॉर्ज वॉशिंग्टनचा. ठीक आहे, तरुणपणी तो या भागात लढला होता. दुसरा मात्र हेल्मेटवाल्याचा. जमिनीलगत आलेला बॉल वाकून पकडणारा फ्रँको हॅरिस. राष्ट्रपित्याच्या मांडीला मांडी लावून फुटबॉलवाला? ‘इथे हे असंच आहे,’ न्यायला आलेला मावसभाऊ म्हणाला.

हा मावसभाऊ एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. मी पोचले तेव्हा स्वारी जरा उदासच होती. नुकतंच अप्रेझल झालं होतं आणि प्रमोशन भलत्यालाच मिळालं होतं. ‘वर्षभरात नेमकं काय केलंस, विचारतात. अगं, मी घोटाळे होऊ दिले नाहीत. आता हे कुठल्या रकान्यात भरू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फ्रीलान्सर. माझ्या आयुष्यात रकानेच नाहीत, फक्त उशिरा येणारे चेक.

विमानतळाकडून येताना शेवटपर्यंत शहर दिसत नाही. नुसते डोंगर. मग फोर्ट पिटचा बोगदा लागतो आणि तो संपला, की धाडकन अख्खं शहर समोर! खाली नदी, पलीकडे उंच इमारती आणि जिकडेतिकडे पिवळेधमक पूल. अॅलिगेनी आणि मोनोंगहिला या दोन नद्या इथे भेटतात आणि पुढे ओहायो होऊन वाहतात. टोकावरच्या बागेत उभं राहिल्यावर मला तर कऱ्हाडचा प्रीतिसंगमच आठवला.

पलीकडच्या काठावर स्टेडियम आहे. २००१ पासून त्याचं नाव हाइन्झ फील्ड होतं (तोच तो केचपवाला हाइन्झ, याच गावचा), २०२२ पासून अॅक्रिशर स्टेडियम. त्याच्या अलीकडे, फुटपाथवर एक खूण आहे. पूर्वी इथे थ्री रिव्हर्स स्टेडियम होतं. २३ डिसेंबर १९७२ ला, मॅच संपायला काही सेकंद उरले असताना, धडकेने उडालेला बॉल हॅरिसने जमिनीला टेकायच्या आत उचलला आणि तो थेट धावत सुटला. पिट्सबर्ग स्टीलर्सनी ओकलंड रेडर्सना १३-७ असं हरवलं. पुतळा त्या क्षणाचा आहे.

सगळे तिथे फोटो काढतात. मीही काढला. मग मावसभावाने विचारलं, ‘१३ दिसले. पण समोरच्यांना सातवर कुणी रोखलं?’

अडवणाऱ्याची गोष्ट

अमेरिकन फुटबॉल समजत नसेल तर कबड्डी आठवा. चढाई करणारा हीरो असतो, पण मॅच कोपरारक्षकही जिंकून देतो. जो ग्रीन त्या जातीचा. डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे अगदी मधोमध उभं राहून समोरची भिंत फोडायची आणि बॉल फेकणाऱ्याला फेकायच्या आत लोळवायचं. या पकडीला म्हणतात सॅक.

टेक्सासमधल्या टेम्पल गावात वाढलेला हा पोरगा. खरं नाव चार्ल्स एडवर्ड. कॉलेजच्या टीमला ‘मीन ग्रीन’ म्हणायचे, म्हणून हा झाला ‘मीन’ जो ग्रीन. मीन म्हणजे खडूस. नाव त्याला कधीच आवडलं नाही, पण चिकटलं ते चिकटलंच.

१९६९ मध्ये स्टीलर्सचे नवे कोच चक नोल यांनी पहिली निवड केली ती याची. आपल्या पसंतीची टीम मागायची सोय तेव्हा नव्हती. १९३३ पासून चाललेली ही टीम म्हणजे हरण्याची सवय लागलेलं दुकान. स्थानिक पेपरने विचारलं, हा जो ग्रीन कोण? त्या वर्षी टीमने १४ पैकी १३ मॅच गमावल्या. हरणं त्याला सहनच व्हायचं नाही. चिडून मारामाऱ्या केल्या, मैदानाबाहेर काढला गेला. एकदा फिलाडेल्फियात तर बॉलच उचलून प्रेक्षकांत भिरकावला!

आणि तरी तो तिथेच राहिला. १३ सीझन, १८१ मॅच, एकच टीम.

१० डिसेंबर १९७२ ला ह्यूस्टनविरुद्ध टीममधले अनेक जण जखमी होते. त्या दिवशी ग्रीनने पाच सॅक केले, शिवाय गोलपोस्टकडे मारलेली एक किक अडवली. स्टीलर्स ९-३ जिंकले. त्यानंतर दोन आठवड्यांनी हॅरिसचा तो चमत्कार.

मला सगळ्यात भारी वाटला तो १९७४ चा डाव. ग्रीन सरळ उभा राहायचं सोडून समोरच्या दोन खेळाडूंच्या फटीत तिरका उभा राहायला लागला. मग त्याला आवरायला दोघे लागायचे. दोघे याच्यात अडकले, की मागून नवा पोरगा जॅक लॅम्बर्ट मोकळा सुटायचा. पकड लॅम्बर्टच्या नावावर, धक्के ग्रीनच्या अंगावर. त्या सीझनची सुपर बोल फायनल १२ जानेवारी १९७५ ला झाली. मिनेसोटाला बॉल घेऊन पळत जेमतेम १७ यार्ड काढता आले. स्टीलर्स १६-६ ने पहिल्यांदा चॅम्पियन झाले आणि पुढच्या पाच वर्षांत आणखी तीनदा.

ग्रीन, ग्रीनवुड, होम्स आणि व्हाइट. या चौघांच्या फळीचं नाव ‘स्टील कर्टन’. पोलादी पडदा. १९७६ मध्ये शेवटच्या नऊ मॅचमध्ये या टीमच्या बचावाने मिळून फक्त २८ पॉइंट दिले. पाच मॅचमध्ये समोरच्यांचा भोपळा फुटलाच नाही.

चिमण्या आणि टॉवेल

दुसऱ्या दिवशी होमस्टेडला गेलो. एम्पायर स्टेट बिल्डिंगसाठी पोलाद बनवणारा कारखाना इथला. १९८६ मध्ये तो बंद पडला. आता तिथे मॉल, मल्टिप्लेक्स आणि मधे विटांच्या १२ चिमण्या. लोअर परळच्या मॉलमधली गिरणीची चिमणी पाहिली असेल, तर वेगळं सांगायला नको.

इथेच कोडं सुटतं. टीम जिंकायला लागली आणि शहराच्या भट्ट्या विझायला लागल्या, हे जवळजवळ एकाच दशकात झालं. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. माणसं देशभर पांगली, जाताना पिवळा टॉवेल घेऊन गेली. ‘टेरिबल टॉवेल’ ही १९७५ ची कल्पना कॉमेंटेटर मायरन कोपची. त्याचे हक्क त्याने १९९६ मध्ये अपंगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकले. सुट्टीत हे टॉवेल घेऊन परत येणारी कुटुंबं पाहिली, की गणपतीला कोकणात जाणारी गाडी आठवते.

‘खडूस’ जोला जगाने मऊ होताना पाहिलं ते १९७९ च्या कोका-कोलाच्या जाहिरातीत. लंगडत चाललेला ग्रीन, त्याला आपला कोक देणारा लहान मुलगा आणि बदल्यात मुलाकडे फेकलेली जर्सी. आपल्या आई-बाबांनी ती पाहणं अवघडच, कारण कोक १९७७ मध्येच भारतातून गेला होता.

आणि आता क्लायमॅक्स. सॅक ही गोष्ट अधिकृत आकडेवारीत मोजायला सुरुवात झाली १९८२ मध्ये. ग्रीन शेवटचा खेळला १९८१ मध्ये. म्हणजे ज्या कामासाठी तो ओळखला गेला, त्याच्या अधिकृत रकान्यात आहे शून्य! ह्यूस्टनचे ते पाचही त्यात नाहीत. जुन्या मॅच तपासून अभ्यासकांनी नंतर आकडे काढले, पण ते अनधिकृतच.

१९८७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. २ नोव्हेंबर २०१४ ला स्टीलर्सनी त्याचा ७५ नंबर कायमचा बाजूला ठेवला. आता तो कुणालाच मिळणार नाही.

संध्याकाळी केबलने ओढल्या जाणाऱ्या डब्यातून डोंगरावर चढलो. खाली नद्या काळ्या आणि पूल सोनेरी झाले होते. मावसभाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘पुढच्या फॉर्ममध्ये लिहीन, दोघांना अडकवून ठेवलं.’

‘बॉसला कळेल?’

‘नाही कळणार. पण लॅम्बर्टला कळतं गं.’

जायचं असेल तर...
* डाउनटाउन ते स्टेडियम ‘टी’ रेल्वेचा प्रवास फुकट आहे. नदीखालून जाते!
* हाइन्झ हिस्टरी सेंटरमध्ये स्पोर्ट्स म्युझियम आहे. निदान दोन तास हाताशी ठेवा.
* स्ट्रिप डिस्ट्रिक्टमध्ये प्रिमँटीचं सँडविच खा. फ्राइज आणि कोबीचं सॅलड ब्रेडच्या आतच भरलेलं असतं. एकात दोघांचं भागतं.
* संध्याकाळी ड्युकेन इन्क्लाइन. १८७७ पासून सुरू झालेली ही डोंगरगाडी अजून ठणठणीत आहे.