लॅमिंग्टन रोडचा एक फेरा

मैत्रिणींनो, जुना स्पीकर घरघरू लागला की आपण भंगारवाल्याला हाक मारतो ना? बाबांच्या माघारी त्यांचा १९८४ सालचा स्पीकर मीही देणार होते, पण हात धजेना. शेवटी तो पेटीतून सुटा करून पिशवीत घातला आणि मुंबईला ग्रँट रोड स्टेशनात उतरले. पूर्वेला थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर मात्र डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. दुतर्फा वायरी, मीटर नि सुट्या भागांची दुकानं.

एका कारागिराने दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला. खर्र! "कॉइल जिवंत आहे, ताई." कागदी कोन अलगद दाबून पाहिला, कुठे घासत नव्हता. दोष होता कडेच्या फोमच्या कड्यात. पंधरा-वीस वर्षांत हा फोम आपसूक झडतो. नवं कडं चिकटवून रात्रभर वाळवलं, झालं!

तेव्हा भंगारात देण्याआधी, अँप्लिफायरच्या तारा सोडवून, ही सेलची परीक्षा घरीच घ्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माहेरी स्पीकर लावला. आई पदराला हात पुसत बाहेर आली नि म्हणाली, "हे आले वाटतं!"