दुर्गाची आगगाडी

‘पथेर पांचाली’ मी आधी पडद्यावर पाहिली आणि वाचली कितीतरी वर्षांनी. त्यामुळे काशाच्या पांढऱ्या फुलोऱ्यातून धावणारी ती दोन भावंडं आणि वर काळा धूर सोडत जाणारी गाडी मनात कायमची बसली होती. सत्यजित राय यांनी १९५२ साली चित्रीकरणाला सुरुवात केली तीच या प्रसंगाने. एक दिवस काम झालं, आणि पुढच्या खेपेला जाऊन बघतात तर गुरांनी सगळा फुलोरा खाऊन टाकलेला. पुन्हा काश फुलेपर्यंत वर्षभर थांबावं लागलं.

कादंबरी हातात घेतली तेव्हा मी त्याच पानाची वाट बघत होते. ते आलंच नाही. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या १९२९ सालच्या पुस्तकात दुर्गाला आगगाडी दिसतच नाही.

हरवलेलं वासरू शोधायला म्हणून अपू आणि दुर्गा घराबाहेर पडतात. शोधता शोधता गाव मागे पडतं, आणि दुर्गाच्या मनात येतं, रेल्वेची सडक बघून यायची का? मग वासरू राहतं बाजूला. दोघं शेतांतून, पाणथळीतून धावत सुटतात, वाट चुकतात, चिखलात रुततात, आणि रूळ न बघताच कशीबशी घरी परततात. पुढे अपू वडिलांबरोबर परगावी निघतो तेव्हा वाटेत रूळ लागतात. तो ते डोळे भरून बघतो. पण गाडी यायला अजून अवकाश असतो. हरिहरला पुढची वाट चालायची असते, तो थांबत नाही. अपू रडवेला होऊन मागे बघत बघत चालत राहतो. हरिहर काही वाईट बाप नव्हे. पोटासाठी वणवण करणाऱ्या माणसाला गाडीसाठी दोन तास थांबणं परवडत नाही, इतकंच.

आगगाडी म्हणजे येऊ घातलेला नवा काळ, असं या कादंबरीबद्दल नेहमी सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण मला ते पुरत नाही. निश्चिंदीपूरच्या त्या मोडक्या घरात आगगाडी हे बहिणीला द्यायचं राहून गेलेलं देणं आहे. तापाने फणफणलेली दुर्गा अंथरुणातून अपूला विचारते, मी बरी झाल्यावर मला एकदा आगगाडी दाखवशील ना? तो हो म्हणतो. नंतर ती बरी होत नाही. बाहेरगावी गेलेला हरिहर परततो तो लेकीसाठी साडी घेऊन, आणि तोवर ती गेलेली असते.

शेवटी घरदार सोडून सगळे काशीला निघतात. बैलगाडीने स्टेशनपर्यंत, आणि तिथून आगगाडीने. इतकी वर्षं जिचा ध्यास होता तिच्यात अपू आता बसलेला आहे. त्याचा आनंद लेखकाने लपवलेला नाही. लहान मूल दुःखातही खिडकी सोडत नाही, हे विभूतिभूषणांना पुरतं ठाऊक होतं. आणि त्याच खिडकीतून माझेरपाडा स्टेशनचा दूरचा सिग्नल मागे मागे जाऊ लागतो, लहान होत जातो, आणि अपूला वाटतं, गावाच्या वेशीजवळच्या झाडाखाली दीदी उभी आहे आणि या गाडीकडे बघते आहे. आपण तिला टाकून चाललो आहोत.

इथे मी दर वेळी पुस्तक मिटून ठेवते. पुढची पानं लगेच उलटवत नाहीत. प्रवासात रात्री जाग आली आणि मोकळ्या माळावर एखादा एकटा सिग्नल दिसला की तो नाहीसा होईपर्यंत मी बघत राहते. लहानशा स्टेशनात गाडी न थांबता निघून जाते, फाटकापाशी एखादी पोर उभी असते, केस विस्कटलेले, कडेवर धाकटा भाऊ. ती हात हलवते. दुर्गाचं मागणं तरी केवढंसं होतं! गाडीत बसायचंही नव्हतं तिला. नुसती बघायची होती.