पाव कापणे

पाव कापण्यासही काही विद्या लागते, असे वयाची पन्नाशी उलटेपर्यंत आमच्या मनात कधी आले नव्हते. आमचे बालपण भाकरीवर गेले. आणि भाकरी कापावयाची नसते, मोडावयाची असते. बेकरीतला लादीपावही हातानेच सुटा होई.

पुढे घरात विजेची भट्टी आली. आमच्या सौभाग्यवतींनी पहिला पाव केला त्या दिवशी पीठ तिंबणे, ते फुगू देणे, पुन्हा मळणे आणि साच्यात पुन्हा फुगवणे, यात सकाळच्या आठाचे दुपारचे दोन वाजले. खरपूस वासाने घर भरून गेले. कापण्याचा मान आम्ही आपण होऊन घेतला. "अहो, जरा निवू तर द्या," असे त्या म्हणाल्याही. पण आम्ही भाजीची सुरी घेऊन वरून दाब दिला मात्र, पाव मट्कन खाली बसला. आतला भाग ओल्या गोळ्यासारखा पात्यास चिकटला, आणि पहिला काप एका टोकास बोटभर जाड व दुसऱ्या टोकास कागदासारखा निघाला. सहा तासांच्या श्रमांची आम्ही दोन मिनिटांत वाट लावली. त्या काही बोलल्या नाहीत. ते न बोलणेच आम्हांस फार लागले. त्यानंतरचे तीन रविवार भट्टी थंड राहिली.

त्या अवकाशात आम्ही, जन्माच्या सवयीप्रमाणे, विषयाचा अभ्यास केला. भट्टीतून निघालेला पाव पुरा झालासा दिसतो, पण तो तसा नसतो. पिठातील स्टार्च उष्णतेने व पाण्याने फुगून मऊ झालेले असते. ते आवळून धरण्यास पाव पुरता निवावा लागतो. म्हणून निदान दोन तास थांबावे, आणि पाव ताटात न ठेवता जाळीवर ठेवावा. नाहीतर वाफ कोंडून बूड ओले होते. विळीचा येथे उपयोग नाही. (आम्ही तीही करून पाहिली, हे वाचकांपासून कशास लपवावे?) विळीचे पाते स्थिर, जिन्नस त्यावर दाबावा लागतो, आणि दाब हाच पावाचा वैरी. लांब दातेरी सुरी सुताराच्या करवतीप्रमाणे, भार न देता, मागेपुढे चालवावी. घुमट चेपत असेल तर पाव कुशीवर निजवावा.

अमेरिकेत यंत्राने कापलेला पाव १९२८ साली मिसुरी प्रांतातील चिलिकोथे गावी प्रथम विक्रीस आला. महायुद्धात, १९४३ च्या जानेवारीत, तेथील सरकारने अशा पावावर बंदी घातली. तेव्हा घरोघर ओरड झाली, आणि मार्चमध्ये ती बंदी उठली. पूर्वी हे वाचून आम्ही खचित हसलो असतो.

चौथ्या रविवारी आमच्या विनंतीवरून पुन्हा पाव झाला. दोन तास आम्ही घड्याळ पाहत बसलो, मग नवी सुरी घेतली. दहा काप पडले. सौभाग्यवतींनी एकेक उचलून उजेडात धरून पाहिला, आणि त्यांतला एक वेगळा काढून आमच्या बशीत ठेवला.

"हा जरा तिरका गेलाय," त्या म्हणाल्या, "हा तुम्ही घ्या."