तार्ना बोलत नाही

कितीतरी वर्षं मी बसमध्ये सूसचं तिकीट काढून पाषाणला उतरायचे. 'प' माझ्या ओठांवर अडकतो. 'स' त्या मानाने बरा, निसटून जातो. वरचे पैसे हा माझ्या तोतरेपणाचा कर. टपरीवर कॉफी प्यावीशी वाटली तरी मी चहा मागते, कारण 'च' त्यातल्या त्यात आपला. तोतऱ्या माणसाच्या डोक्यात पर्यायी शब्दांचा कोश कायम उघडा असतो. घरी मात्र हे कुणाला दिसायचं नाही. मावशी आईला कौतुकाने म्हणायची, "गुणाची आहे गं तुझी लेक. तोंडातून शब्द काढत नाही."

बारावीच्या सुट्टीत दादाच्या हार्ड डिस्कवरचं एक फोल्डर मी उघडलं. 'हे तू बघायचं नाहीस,' असं त्याने बजावलं होतं, म्हणजे बघणं आलंच. त्यात 'आर्झाक' होतं.

झाँ जिरो नावाचा फ्रेंच चित्रकार 'ब्लूबेरी' ही काउबॉयची कॉमिक्स काढायचा. तिचं लेखन झाँ-मिशेल शार्लिएचं. त्यामुळे चौकटी-चौकटीत फुगे आणि फुग्यांत खच्चून मजकूर. हाच जिरो मोबियूस या नावाने विज्ञानकथा आणि अद्भुतकथा काढायला लागला, तेव्हा 1975 मध्ये त्याने आर्झाक जन्माला घातला. उंच टोकदार टोपीचा एक गंभीर माणूस, खाली उजाड वाळवंट आणि पडके मनोरे, आणि त्यावरून उडणारा त्याचा पक्षी; पक्षी कसला, डायनोसॉरच्या काळातलं काहीतरी. शब्द नाहीत. नावाचं स्पेलिंगसुद्धा दर कथेत वेगळं. गंमत म्हणजे हे छापून आलं त्या मासिकाचं नाव 'मेताल उर्लाँ', म्हणजे किंचाळणारा धातू.

मला फ्रेंचचं अक्षर येत नव्हतं आणि काही अडलं नाही. एका कथेत आर्झाकला खिडकीत एक उघडी बाई पाठमोरी दिसते. तो तिच्यासाठी एकाचा जीव घेतो, मग ती वळते आणि तिचा चेहरा भयानक निघतो. एवढंच. (बाईने दिसायचं आणि पुरुषाने बघायचं, हे तिथेही आहेच. तेव्हा मला ते खटकलं नाही.) त्या जगात कुणीच बोलत नव्हतं, त्यामुळे न बोलणारा कुणी वेगळा पडत नव्हता. अशा जागी मी त्याआधी कधी गेले नव्हते.

त्याच फोल्डरमध्ये 'हेवी मेटल' हा सिनेमा होता. 'मेताल उर्लाँ'वरून अमेरिकेत 1977 पासून 'हेवी मेटल' मासिक निघू लागलं, आणि त्यावरून 1981 मध्ये हा कॅनडात बनलेला अ‍ॅनिमेशनपट आला. दिग्दर्शक जेराल्ड पॉटरटन, निर्माता आयव्हन राइटमन. त्यातली शेवटची आणि सगळ्यात मोठी गोष्ट तार्नाची. आर्झाकची छाया त्यात उघड दिसते: तसंच वाळवंट, तसाच पक्षी, फक्त पाठीवर पांढऱ्या केसांची एक योद्धा बाई. नगरावर रानटी टोळी चालून येते, वृद्धांची सभा तिला साद घालते, ती पोचेपर्यंत सगळे मेलेले असतात. मग सूड.

त्यातला दारूच्या गुत्त्याचा प्रसंग मी किती वेळा मागे-पुढे करून पाहिला असेल! तिघे गुंड तिची छेड काढतात. ती उत्तर देत नाही, तलवार चालवते, तिघांची मुंडकी खाली. मला कॉलेजच्या गेटवर उभं राहणारी काही मुलं आठवली. बोलता येत नाही म्हणून काही बिघडत नाही, हे मला कुणीतरी पहिल्यांदा दाखवलं होतं. पुढे तार्नाच्या स्वतंत्र कॉमिक्सही निघाल्या, पण माझी तार्ना ही सिनेमातलीच.

नोकरी लागल्यावर तो सिनेमा मी पुन्हा पाहिला आणि माझी चिडचिड झाली. अंगावर चामड्याचे चार पट्टे घालून ती लढायला निघते हे एक. चित्रकारांनी खऱ्या मॉडेलच्या हालचालींवरून तिची चाल गिरवली आहे, आणि कॅमेरा त्या चालीवर किती रेंगाळतो! पण मला जास्त टोचलं ते वेगळंच. या गोष्टीत बाकी सगळे बोलतात. वृद्ध बोलतात, गुंड बोलतात, टोळीचा म्होरक्या बोलतो. एकटी तीच बोलत नाही. तिला पकडून चाबकाने मारतात तेव्हाही तिच्या वाट्याला एक वाक्य येत नाही. आणि तिची गोष्ट सांगतो कोण? सिनेमाभर सगळ्या गोष्टी ऐकवणारा आवाज लॉक-नारचा आहे. लॉक-नार म्हणजे तो हिरवा, दुष्ट गोळा, ज्याचा नाश करताना तार्ना मरते. म्हणजे तिची हकिगत तिचा शत्रू सांगतो, त्याच्या शब्दांत.

हे मला चांगलं ठाऊक आहे. मी अडखळले की समोरचा माणूस माझं वाक्य पुरं करतो. बहुतेक वेळा चांगुलपणानेच. मीटिंगमध्ये मी "मला वाटतं की प..." एवढ्यावर थांबले, की कुणीतरी "पुढच्या आठवड्यात?" म्हणतं. मला 'पैसे कमी पडतील' म्हणायचं असतं. मी मान हलवते आणि माझ्या नावावर भलतंच मत नोंदलं जातं. बारावीत मला तार्नाचा हेवा वाटायचा. आता वाटतं, मुंडकी उडवल्यावर ती काय म्हणाली असती ते मला ऐकायचं होतं.

आणि तिचं नावही मला धड घेता येत नाही. 'ता' अडकतो. मैत्रिणींना ही गोष्ट सांगताना मी तिला 'ती पक्षीवाली' म्हणत आले.

मागच्या महिन्यात बसमध्ये कंडक्टर समोर आला. मी "प..." म्हणून थांबले. तो म्हणाला, "पंचवटी?" मी गप्प. "पाषाण?" मान हलवली असती तर झालं असतं. मी मान हलवली नाही. डोळे मिटले, ओठ थरथरले, मागचा माणूस "अहो मॅडम" म्हणाला. चौथ्या खेपेला शब्द बाहेर पडला, जरा मोठ्यानेच.

"तेच तर म्हटलं मी," कंडक्टर म्हणाला आणि सुट्टे नाहीत म्हणून माझ्यावर वैतागला.